डबीतलं कासव आणि गावचं तळं

 

आजची गोष्ट आमच्या बचत गटाच्या बैठकीत सुरू झाली. हप्ते जमा झाले, वहीत सह्या झाल्या आणि उठता उठता एक ताई म्हणाल्या, "येत्या एकादशीला आमच्या घरचं कासव तळ्यात सोडायचं आहे. पुण्याचं काम आहे, यायचं असेल त्यांनी या." दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाने जत्रेतून प्लास्टिकच्या डबीत एक कासव आणलं होतं. तेव्हा ते दहाच्या नाण्यापेक्षा थोडंच मोठं होतं. हिरवंगार, डोळ्यांमागे दोन्ही बाजूंना लाल पट्टा. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "हे एवढंच राहतं, काही करावं लागत नाही." आता ते चहाच्या बशीएवढं झालं होतं. घमेल्यात मावत नव्हतं, पाण्याचा वास येत होता आणि ताईंच्या सासूबाई रोज कटकट करत होत्या.

खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांना ताईंचं म्हणणं पटलं. कासवाची जागा पाण्यात, मग पाण्यात सोडलं तर वाईट काय? पण आमच्यातल्या एकीची लेक कॉलेजात जीवशास्त्र शिकते. ती दारातच उभी होती. ती म्हणाली, "मावशी, सोडू नका. हे आपल्याकडचं कासव नाही. ते आलं कुठून, हे आधी बघा." मग आम्ही बघायला लागलो. विचारलं, वाचलं, वन विभागाच्या लोकांशी बोललो. जे कळलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो आहोत.

आधी आपल्या जुन्या ओळखीपासून सुरुवात करू. कासव हा या पृथ्वीवरचा फार जुना रहिवासी आहे. वीस कोटी वर्षांपेक्षा जास्त काळ तो इथे आहे. आपल्या वणीच्या पलीकडे वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा लागतो. तिथे वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. त्या गावच्या मातीत डायनोसॉरची हाडं सापडली, हे पुष्कळांना माहीत असेल. त्याच मातीत कासवांची दगड झालेली हाडंही सापडली आहेत. साडेसहा कोटी वर्षांहून जुनी. म्हणजे आपल्या काळ्या मातीखालचा खडक ज्या लाव्ह्यातून झाला, तो लाव्हा या भागात पसरायच्या आधीपासून इथल्या पाण्यात कासवं पोहत होती.

माणसाने त्याला देवळात आणलं ते फार नंतर. महादेवाच्या देवळात नंदीच्या पुढे, गाभाऱ्याच्या वाटेवर दगडी कासव असतं. आपण त्याला हात लावून पुढे जातो. समुद्रमंथनात मंदार पर्वत पाठीवर घेणारा कूर्म तो हाच, असं आजी सांगायची. कासव जसं हातपाय आत ओढून घेतं तसं माणसाने मन आवरावं, हा अर्थही कीर्तनकार सांगतात. आपल्या आदिवासी भावंडांमध्ये काही कुळं कासवाला आपलं मानतात आणि त्याला मारत नाहीत. काही घरांत ते खाल्लंही जायचं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आणि एक जुनी पद्धत होती, विहिरीत कासव सोडायची. आपल्यातल्या वयस्कर बायांना ती आठवत असेल. पाणी शेंदताना खाली काळी पाठ दिसायची आणि पोरं ओरडायची, "आलं, आलं!" विहिरीत पडलेला किडा, मेलेला बेडूक, कुजका पाला कासव खातं, म्हणून पाणी चांगलं राहतं अशी समजूत होती. त्यात थोडं तथ्य आहे. आपल्याकडची मऊ पाठीची कासवं मेलेलं, कुजलेलं खातात. म्हणूनच गंगा स्वच्छ करण्याच्या सरकारी कामात कासवं पाळून नदीत सोडली गेली आणि वाराणसीला १९८९ साली गंगेत कासवांसाठी अभयारण्य केलं गेलं. पण विहीर ही कासवाची खरी जागा नव्हे. बांधलेल्या विहिरीतून त्याला वर येता येत नाही, उन्हात बसता येत नाही, अंडी घालायला माती मिळत नाही. ते जगायचं, पण कैदी म्हणून जगायचं. तरी त्या जुन्या पद्धतीत एक गोष्ट होती. कासव त्याच गावच्या नाल्यातलं असायचं. ते निसटलं तरी आपल्याच पाण्यात जायचं.

डबीतल्या कासवाचं तसं नाही. ते फार लांबून आलं आहे. त्याचं नाव रेड इअर्ड स्लायडर, म्हणजे लाल कानाचं कासव. कान लाल नसतो, डोळ्यामागचा पट्टा लाल असतो. त्याचं मूळ घर अमेरिकेत, मिसिसिपी नावाच्या मोठ्या नदीच्या खोऱ्यात. तिथे दुसऱ्या महायुद्धानंतर लुईझियाना राज्यातल्या शेतकऱ्यांनी त्याचा धंदा सुरू केला. आपण शेततळ्यात मासे वाढवतो तशी तिथे तळ्यात कासवं वाढवायची, माद्यांनी काठावर घातलेली अंडी उकरून काढायची, उबवायची आणि पिल्लं दुकानांत पाठवायची. पिल्लू स्वस्त. सोबत एक प्लास्टिकचं पसरट भांडं आणि त्यात प्लास्टिकचं ताडाचं झाड. लहान मुलांसाठी सगळ्यात सोपा पाळीव प्राणी म्हणून ते लाखांनी विकलं गेलं. "काही करावं लागत नाही," हे वाक्य तेव्हापासूनचं आहे.

त्या भांड्यातली बहुतेक पिल्लं काही महिन्यांत मरायची. ऊन नाही, पोहायला पाणी नाही, धड खाणं नाही. मुलांना वाटायचं, कासवं अशीच मरतात.

मग मुलं आजारी पडू लागली. जुलाब, ताप, पोटात कळा. डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा कळलं की कासवाच्या विष्ठेतून साल्मोनेला नावाचे जंतू पाण्यात आणि त्याच्या पाठीवर येतात. कासव स्वतः ठणठणीत दिसतं, पण मूल त्याला हातात घेतं, पापी घेतं, तोंडात घालतं आणि आजारी पडतं. १९७० च्या सुमारास अमेरिकेत वर्षाला अंदाजे २ लाख ८० हजार जणांना कासवांमुळे हा आजार होत होता. शेवटी १९७५ साली तिथल्या सरकारने नियम केला की पाठ चार इंचांपेक्षा लहान असलेलं कासव पाळण्यासाठी विकायचं नाही. चार इंचच का? तर त्याहून मोठं कासव लहान मुलाच्या तोंडात जात नाही म्हणून. ज्या आकाराचं कासव आपल्या जत्रेत डबीत मिळतं, तोच आकार त्याच्या मूळ देशात पन्नास वर्षांपूर्वी मुलांच्या जिवासाठी धोक्याचा ठरला होता.

पण त्या नियमात एक फट राहिली. देशात विकायला बंदी, बाहेर पाठवायला नाही. कासवांची शेती होतीच, मग माल परदेशी निघाला. १९८४ साली तिकडे लढणाऱ्या कासवांची एक चित्रकथा निघाली, निन्जा टर्टल्स. १९८७ पासून ती टीव्हीवर कार्टून म्हणून आली आणि जगभरची पोरं कासव मागू लागली. १९८९ ते १९९७ या काळात अमेरिकेतून सव्वापाच कोटींच्या आसपास पिल्लं बाहेरच्या देशांत गेली.

यानंतर देशोदेशी जे घडलं ते ऐकताना आम्हाला आमच्या ताईंचं घमेलं आठवत होतं. पिल्लू घरी आलं. जगलं तर वाढलं. नर वीतभर, मादी तर फुटाच्या जवळ जाते. वय वीस-तीस वर्षं, कधी त्याहून जास्त. शाळेतल्या पोराने आणलेलं कासव त्याच्या लग्नानंतरही घरात असणार. घरचे कंटाळले. मारवत नाही, ठेववत नाही. मग एक दिवस बादलीत घातलं आणि जवळच्या तळ्यात सोडलं. सगळ्यांना वाटलं, आपण दयाच केली.

तळ्यात ते कासव मेलं नाही. उलट ते काटक निघालं. ते मासे, बेडकांची पिल्लं, शेवाळ, पाणवनस्पती, सगळं खातं. अंडी घालतं. ओंडक्यावर, दगडावर उन्हात बसायची जी मोजकी जागा असते, तिथून ते तिथल्या मूळ कासवांना हुसकावतं. कासवाला ऊन मिळालं नाही तर त्याचं पचन बिघडतं, ते खंगत जातं. युरोपातल्या तळ्यांमधली स्थानिक कासवं अशीच मागे पडू लागली. युरोपीय देशांनी १९९७ साली या कासवाची आयात बंद केली. २००० साली जगातल्या सगळ्यात उपद्रवी १०० परक्या जीवांच्या यादीत त्याचं नाव आलं. जपानमध्ये तर ते इतकं पसरलं की १ जून २०२३ पासून ते विकायला आणि सोडून द्यायला बंदी झाली. पण ज्यांच्या घरी आहे त्यांनी ते घरी सांभाळावं, अशी सवलत मुद्दाम ठेवली. का? तर सरसकट बंदी केली असती तर घाबरून सगळ्यांनी एकाच दिवशी ती तळ्यांत सोडली असती.

आपल्या देशात ही कासवं मोठ्या शहरांच्या पाळीव प्राण्यांच्या बाजारांतून आली. पुष्कळशी चोरून आणलेली. विमानतळांवर सामानात दडवलेली पिल्लं पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. वास्तूच्या नावाखाली काचेचं, पितळेचं कासव घराघरांत आलं, तसं जिवंत कासवही 'लक्ष्मी येते' म्हणून खपलं. केरळात त्रिशूरकडे ती उघड्या पाण्यात सापडली, तेव्हा पीची इथल्या केरळ वन संशोधन संस्थेने ती गोळा करायचं काम हाती घेतलं. आसामात गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यातही ती दिसली. त्या तळ्यात आधीच देशी कासवं होती. देवाच्या तळ्यात कासव सोडलं की पुण्य, असं मानणारे आपण एकटे नाही.

आता आपल्या तळ्याकडे येऊ. तिथे कोण राहतं, हे आम्हालाही नीट माहीत नव्हतं.

यवतमाळ जिल्ह्याचं पाणी वर्धा आणि पैनगंगेला जातं. अरुणावती, अडाण, पूस पैनगंगेत जातात, बेंबळा वर्धेत. पैनगंगा पुढे वर्धेला मिळते आणि शेवटी हे सगळं पाणी गोदावरीत जातं. या पाण्यात आपली स्वतःची कासवं आहेत. सगळ्यात ओळखीचं ते मऊ पाठीचं छोटं कासव. नाल्यात, गावतळ्यात, धानाच्या बांधीतही राहतं. त्याच्या पोटाकडे मागच्या बाजूला कातड्याची दोन झाकणं असतात. मागचे पाय आत घेतले की झाकणं लावून घेतं. तळं आटलं की हे कासव चिखलात खोल शिरतं आणि पाऊस येईपर्यंत निजून राहतं. आपल्या उन्हाळ्याशी जमवून घ्यायला ते असं शिकलं आहे. पाऊस पडला की वर येतं, म्हणून पावसाच्या सुरुवातीला ते रस्त्यावर दिसतं.

दुसरं मोठं, नदीतलं, लीथचं मऊ पाठीचं कासव. लीथ हे इंग्रजांच्या काळात मुंबईत काम करणारे डॉक्टर होते, त्यांच्या नावावरून १८७२ साली हे नाव पडलं. हे कासव फक्त दक्षिण भारताच्या आणि आपल्या गोदावरी-कृष्णेच्या नद्यांमध्ये आहे, जगात दुसरीकडे नाही. वाळूउपसा, जाळी आणि मांसासाठी शिकार यांनी ते इतकं कमी झालं की आज ते नष्ट होण्याच्या अगदी काठावरच्या जीवांत मोजलं जातं. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये पनामा देशात जगभरच्या सरकारांची बैठक झाली. भारताच्या मागणीवरून तिथे या कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सगळ्यात कडक बंदी घातली गेली. ज्याच्यासाठी आपला देश जगापुढे बोलला, तो जीव आपल्या नदीच्या कुटुंबातला आहे. आणि आम्ही एकादशीचं पुण्य म्हणून त्याच पाण्यात परका आडदांड सोडायला निघालो होतो.

मग कोणी म्हणेल, परकं नको तर आपल्या नाल्यातलं पाळू. मैत्रिणींनो, तेही नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या नदी-तळ्यांतल्या कासवांना संरक्षण दिलं आहे. त्यांना पकडणं, घरी ठेवणं, विकणं, खाणं, सगळं गुन्ह्यात येतं. मऊ पाठीचं ते साधं कासवही वाघाच्या बरोबरीने पहिल्या अनुसूचीत आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या सुधारणेनंतर पहिल्या अनुसूचीतल्या जीवाबाबतच्या गुन्ह्याला कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद आणि निदान २५ हजार रुपये दंड आहे. 'हौस म्हणून ठेवलं होतं' हे सांगून सुटका होत नाही. याच सुधारणेने परक्या, उपद्रवी जीवांच्या आयातीवर आणि व्यापारावर बंधनं घालायचा अधिकारही केंद्र सरकारला दिला आहे.

इथे एका फसवणुकीबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण ती आपल्या भागात बायांच्या गळ्यातल्या मण्यांपर्यंत पोचते. 'वीस नखी कासव' आणा, पूजा करू, पैशांचा पाऊस पडेल. हे सांगणारे गावोगाव फिरतात. जरा हिशेब करू. मऊ पाठीच्या कासवाच्या प्रत्येक पायाला तीन नखं असतात, म्हणजे चार पायांची बारा. कठीण पाठीच्या बहुतेक कासवांना पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार, म्हणजे अठरा. वीस नखी शोधा म्हणायचं, म्हणजे सापडू नये असंच काहीतरी मागायचं आणि तोवर पैसे उकळत राहायचे. चमत्काराच्या नावावर लुबाडणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पैसेही जातात, कासवही मरतं आणि गुन्हा आपल्या घरावर येतो.

आता ताईंच्या कासवाचं काय करायचं? तुमच्यापैकी कोणाच्या घरी असं लाल पट्ट्याचं कासव आधीच असेल तर तिलाही हा प्रश्न पडला असेल. आलेला जीव आहे, त्याचा दोष नाही. त्याला नीट सांभाळायचं कसं, ते आम्ही विचारून घेतलं.

पहिली गोष्ट जागा. जाणकार सांगतात, पाठीच्या दर इंचामागे साधारण चाळीस लिटर पाणी लागतं. दहा इंचांच्या मादीला चारशे लिटर, म्हणजे दोनशे लिटरचे दोन ड्रम. आपल्या भाषेत वीस-पंचवीस हंडे. फिल्टर असला तरी आठवड्याला त्यातला तिसरा हिस्सा पाणी बदलावं लागतं, म्हणजे सात-आठ हंडे. फिल्टर नसेल तर याहून किती तरी जास्त. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह आटले आणि यवतमाळ शहर टँकरवर जगलं, ते आपण विसरलो नाही. दोनशे रुपयांचं कासव घेताना हे पाणी कोण वाहून आणणार, हे दुकानदार सांगत नाही. ते बाईच आणते.

दुसरी गोष्ट ऊन. कासवाला पाण्याबाहेर, कोरड्या जागेवर बसून अंग शेकावं लागतं. नाहीतर पाठ मऊ पडते, वाकडी होते. काचेतून येणारं ऊन कामाचं नाही, कारण उन्हातला जो भाग हाडांना लागतो तो काच अडवते. शहरातले लोक त्यासाठी खास दिवे लावतात. आपल्याकडे मागच्या अंगणात सिमेंटचा छोटा हौद केला, त्यात विटांचा उतार आणि वर सपाट दगड ठेवला, की काम होतं. पाणी निदान त्याच्या पाठीच्या दीड-दोन पट खोल हवं, म्हणजे उलटं झालं तरी ते पाण्यात सुलटं होतं. पण आपला उन्हाळा पंचेचाळीसला जातो. उथळ पाणी तापून कासव मरतं. म्हणून अर्ध्या हौदावर पक्की सावली हवी आणि दुपारी ओलं पोतं. वर जाळीचं झाकण हवं, कुत्र्या-मांजरापासून त्याला वाचवायला आणि ते निसटून नाल्यात जाऊ नये म्हणूनही.

तिसरी गोष्ट खाणं. बिस्कीट, पोळी, भात, दूध नको. लहान असताना छोटे मासे, गांडुळं, दुकानातलं कासवाचं खाणं. मोठं झालं की पालेभाजी वाढवायची. शेवग्याचा पाला चांगला, त्यात चुना भरपूर असतो.

चौथी गोष्ट आपल्या लेकरांची. कासवाला किंवा त्याच्या पाण्याला हात लावला की साबणाने हात धुवायचे. ते पाणी मोरीत, भांडी घासायच्या जागी ओतायचं नाही, झाडाला घालायचं. पाच वर्षांखालच्या मुलांनी, गरोदर बाईने आणि आजारी म्हाताऱ्या माणसांनी ते हाताळायचं नाही. आणि दोन कासवं एकत्र ठेवायची नाहीत. नर-मादी निघाली तर अंडी होतील.

हे सगळं झेपणार नसेल तर वन विभागाच्या १९२६ या टोल फ्री नंबरवर फोन करा किंवा जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. जखमी देशी कासव सापडलं तरी हाच नंबर. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वन विभागाचं जखमी वन्यप्राण्यांसाठीचं उपचार केंद्र आहे. एवढं नक्की, की तळ्यात, विहिरीत, नाल्यात सोडायचं नाही.

आणि ज्यांच्या घरी नाही, त्यांनी निवड कशी करायची? जत्रेत पोरगं डबीपुढे हटून बसेल तेव्हा त्याला दोन गोष्टी सांगा. हे पिल्लू ताटाएवढं होणार आणि तुझ्या लग्नापर्यंत जगणार. मग विचारा, त्याचं पाणी तू भरशील का? आमच्या अनुभवाने सांगतो, पोरांना हे समजतं. हौस असेल तर पोराला आपल्याच तळ्यातलं कासव दाखवा. सकाळी ऊन चढताना, आवाज न करता काठावर बसलं तर ते दगडावर येऊन बसलेलं दिसतं. एक पैसा लागत नाही.

कासव त्याच्या जागी राहिलं तर गावाला त्याचा उपयोगच होतो, याचा दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वेळास नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथे समुद्री कासवं वाळूत अंडी घालतात. पूर्वी ती अंडी चोरली जायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन ती राखायला सुरुवात केली. २००६ पासून पिल्लं समुद्रात जातात तेव्हा कासव महोत्सव भरतो. लांबून पाहुणे येतात, गावातल्या घरांत राहतात, घरच्या बाया रांधतात आणि त्याचे पैसे घरात येतात. आपल्याकडे समुद्र नाही, पाहुणे लगेच येणार नाहीत. पण कासव राखणाऱ्या गावाचं नुकसान होत नाही, एवढं त्यातून दिसतं.

आपल्या हातात काय आहे? प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात पडलेलं कासव गुळगुळीत काठावरून वर येऊ शकत नाही. काठावरून पाण्यात एक जाड दोर किंवा गाठी मारलेलं पोत्याचं तरट सोडलं तर ते चढून येतं. साप, मुंगूस, कुत्र्याचं पिल्लूही वाचतं. पावसाळ्यात रस्त्यावर कासव दिसलं तर मागच्या बाजूने दोन्ही हातांनी पाठ धरून, ते ज्या दिशेला चाललं आहे त्याच बाजूला रस्त्यापलीकडे ठेवायचं. मऊ पाठीचं कासव मान लांब काढून चावतं, म्हणून बोटं पुढे न्यायची नाहीत. घरी आणायचं नाही. आणि २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तिच्या नोंदवहीत गावातले झाडं-प्राणी लिहायचे असतात. ग्रामसभेत विचारा, आपल्या तळ्यातलं कासव त्या वहीत आहे का?

आमच्या ताईंनी त्या एकादशीला कासव सोडलं नाही. गटातल्या चौघींनी मिळून त्यांच्या परसात विटा-सिमेंटचा हौद बांधला. पाणी बदलायचं काम आता त्यांच्या मुलाचं आहे. तो शाळेत जायच्या आधी बोरिंगवरून पाणी आणतो आणि कधी कधी कुरकुरतोही. परवा त्याने आईला विचारलं, "मी मोठा होऊन पुण्याला गेलो तर याचं काय?" ताई म्हणाल्या, "मग हे तुझ्यासोबत पुण्याला येईल." तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग बादली घेऊन गेला. यंदा जत्रेत त्याच डब्या पुन्हा आल्या होत्या. तो आपल्या मित्रांना तिथून ओढून घेऊन गेला, असं आम्हाला दुसऱ्याच कोणीतरी सांगितलं.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की पाच मिनिटं यावर बोला. आपल्या गावच्या तळ्यात कोणतं कासव आहे, ते कोणी शेवटचं कधी पाहिलं? गावात कोणाच्या घरी डबीतून आलेलं कासव आहे का? असेल तर त्या बाईला नावं ठेवू नका, तिला हौद बांधायला मदत करा. आणि काय कळलं ते आम्हाला कळवा.

भेटू पुढच्या आठवड्यात, याच वेळी. नमस्कार.